खुब्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं: आधी दाब काढा, मग ताकद वाढवा

कुशीवर वळलं की खुब्याचं बाहेरचं हाड ठणकतं. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत पडतात. जिना चढताना मांडीच्या बाहेरच्या अंगाने कळ उतरते. ही तक्रार घेऊन फिजिओथेरपीला येणाऱ्यांत चाळिशी ते साठीतल्या बायका सर्वांत जास्त असतात, आणि येईपर्यंत त्यांचं बरंच काही करून झालेलं असतं. तेल लावून रगडणं, दुखऱ्या जागेवर लाटणं फिरवणं, व्हिडिओ बघून ताण देणारी आसनं, ‘चाललं की मोकळं होईल’ म्हणून रोज पाऊण तास चालणं. दुखणं मात्र तिथल्या तिथे, नाहीतर वाढलेलं.

यात मेहनत कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने जो उंचवटा हाताला लागतो, त्याला ग्रेटर ट्रोकँटर म्हणतात. कुल्ल्याचे दोन स्नायू, ग्लुटिअस मीडियस आणि ग्लुटिअस मिनिमस, यांचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोरीसारखे भाग, तिथे येऊन जोडले जातात. आपण एका पायावर येतो, म्हणजे चालताना प्रत्येक पावलाला, तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला कलू न देणं हे त्यांचं काम. या टेंडनवरून इलिओटिबियल बँड नावाचा जाड पट्टा खाली गुडघ्याकडे जातो. मांडी शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा तिच्या पलीकडे गेली की हा पट्टा ताणला जातो आणि खालचा टेंडन हाडावर दाबला जातो. आधीच बिघडलेल्या, ताकद कमी झालेल्या टेंडनवर हा दाब दिवसरात्र पडत राहिला की दुखणं मुरतं. ताण देणारे व्यायाम हाच दाब आणखी वाढवतात.

तुमच्या कागदावर ‘ट्रोकँटरिक बर्सायटिस’ लिहिलं असेल तरी गोंधळू नका. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असं दिसतं की बहुतेकांत मूळ बिघाड टेंडनचा असतो. बर्सा, म्हणजे हाड आणि टेंडन यांच्यामधली पातळ पिशवी, एकटीच सुजलेली असणं क्वचित. खालचा क्रम दोन्हींना चालतो.

## टप्पा १: हे तेच दुखणं आहे का, ते ठरवा

आपल्याकडे कमरेखाली काहीही दुखलं की ‘सायटिका’ म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. त्यामुळे कितीतरी जण महिनोन्‌महिने कमरेचे व्यायाम करत राहतात. आधी तीन गोष्टी घरी करून बघा.

बोटाने दाबणं. दुखरी बाजू वर ठेवून कुशीवर झोपा, गुडघे थोडे वाकवा, मध्ये उशी घ्या. बाहेरच्या उंचवट्यावर आणि त्याच्या किंचित वर-मागे अंगठ्याने दाबा. ‘हेच ते दुखणं’ असं वाटलं तर संशय पक्का होत जातो. तिथे दाबून अजिबात दुखत नसेल तर दुखण्याचं कारण बहुधा दुसरीकडे आहे.

एका पायावर ३० सेकंद. भिंतीला एक बोट टेकवून फक्त दुखऱ्या पायावर उभे राहा. तोल जाण्याकडे लक्ष देऊ नका, दुखण्याकडे द्या. ३० सेकंदांच्या आत खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ओळखीचं दुखणं सुरू झालं, तर टेंडनचा त्रास असण्याची शक्यता बरीच वाढते.

मोजे आणि नखं. मोजे घालणं, पायाची नखं कापणं जमतं का? टेंडनच्या दुखण्यात हे सहसा जमतं. जमत नसेल, पाय आत-बाहेर वळवताना अडत असेल आणि दुखणं जांघेत असेल, तर खुब्याचा सांधाच तपासून घ्यायला हवा.

टेंडनचं दुखणं मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरू शकतं. गुडघ्याच्या खाली पोटरी-पावलापर्यंत जाणारी कळ, मुंग्या, बधिरपणा, खोकला-शिंक आली की वाढणं ही लक्षणं कमरेतून निघणाऱ्या नसेची. काहींना दोन्ही एकदम असतं. तिथे घरच्या घरी निदान करू नका.

> थांबा, आधी डॉक्टर: पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पायावर भारच देता न येणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, कोणत्याही स्थितीत आराम न पडणारी रात्रीची वेदना. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघांच्या मध्ये बधिरपणा आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणखी एक इशारा मुद्दाम वेगळा देतो. ज्यांनी स्टेरॉइडची औषधं घेतली आहेत (कोविडमध्ये घेतलेलीही यात आली), ज्यांचं दारूचं प्रमाण जास्त आहे किंवा ज्यांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यांना जांघेत दुखायला लागलं तर खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, तिथल्यांनी हे विसरू नये.

## टप्पा २: तयारी

फार काही लागत नाही. दोन घट्ट उशा, एक लांब ओढणी किंवा सुती पट्टा, चाकं नसलेली खुर्ची, न डळमळणारा पाट, कमरेपर्यंत दिसेल असा आरसा. पुढे रबरी बँड लागेल, आत्ताच आणायची घाई नको.

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज तीन आकडे लिहायचे: रात्री दुखण्याने किती वेळा जाग आली, सकाळच्या पहिल्या पावलांना दुखणं ० ते १० पैकी किती, आणि दिवसभरात साधारण किती मिनिटं चाललात. दुखण्याला वेगळी वही केली की चार दिवसांत ती हरवते.

आता दुखण्याचा नियम. व्यायाम करताना ३ पर्यंत दुखलं तर चालेल. ४–५ पर्यंत गेलं तर व्यायाम संपल्यावर लवकरच खाली उतरायला हवं. त्याच्या वर गेलं तर तो प्रकार सध्या तुमच्यासाठी नाही. पण खरा निकाल रात्री लागतो. टेंडनला जास्त झालेलं तो लगेच सांगत नाही, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतो. ‘करताना काहीच दुखलं नाही’ म्हणून दुप्पट करणारे इथेच फसतात.

> तपासून बघा: व्यायामानंतरची रात्र नेहमीपेक्षा वाईट गेली का? गेली असेल तर दुसऱ्या दिवशी संख्या निम्मी करा. बंद करू नका.

## टप्पा ३: दाब काढा

हा टप्पा लोक वाचून सोडून देतात, कारण यात ‘व्यायाम’ नाही. माझ्या मते निम्मा फरक इथेच पडतो. ज्यांनी हा नीट केला त्यांना पुढचे व्यायाम झेपतात. ज्यांनी वगळला त्यांना व्यायामाने दुखतं, आणि मग ‘फिजिओने वाढलं’ असं म्हणून ते इंजेक्शनकडे वळतात.

### झोप

दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही, हे सगळ्यांना कळतं. चूक होते ती दुसऱ्या कुशीवर. बऱ्या कुशीवर झोपलात की वरचा, म्हणजे दुखरा पाय पुढे घसरतो, गुडघा गादीला टेकतो आणि मांडी मध्यरेषेच्या पलीकडे जाते. टेंडन रात्रभर दाबलेलाच. गुडघ्यांमध्ये एक मऊ उशी घेऊन भागत नाही: ती दबते आणि पाऊल खाली लोंबतं. मांडीपासून घोट्यापर्यंत पूर्ण पाय आधारावर हवा, वरचा गुडघा खुब्याच्या पातळीत राहील इतक्या जाडीचा. बहुतेकांना त्यासाठी दोन उशा लांबीने लावाव्या लागतात, किंवा जुनी गोधडी घट्ट गुंडाळून लोड करावा लागतो. घरातल्या कुणाला तरी पायाच्या बाजूने बघायला सांगा. दोन्ही पाय समांतर दिसले पाहिजेत.

त्याहून सोपं म्हणजे पाठीवर झोपणं, गुडघ्यांखाली उशी आणि पाय थोडे फाकलेले. जमिनीवर चटई किंवा पातळ सतरंजीवर झोपत असाल तर खाली दोन गोधड्या वाढवा. कडक जमिनीवर झोपणं ‘कमरेला चांगलं’ म्हणून सांगितलं जातं, पण या दुखण्यात खालच्या खुब्याला ते सोसत नाही.

### उभं राहणं

ओट्याशी भाजी चिरताना, लोकलमध्ये खांबाला टेकून, शाळेच्या फाटकाशी वाट बघताना आपण एका पायावर भार टाकून कंबर बाहेर सोडतो. त्या बाजूचा टेंडन दाबला जातो. दोन्ही पायांवर सारखा भार ठेवा, पावलं एकमेकांपासून खुब्याच्या रुंदीइतकी लांब ठेवा. ओट्याखाली पाय ठेवायला जागा असेल तर आळीपाळीने एक पाऊल ठोकळ्यावर ठेवा, पण कंबर बाहेर जाऊ देऊ नका.

मूल किंवा नातवंड कडेवर घेणं हा याचा सर्वांत कठीण प्रकार. कंबर एका बाजूला काढून त्यावर दहा-बारा किलो ठेवायचे, आणि दिवसातून अनेक वेळा. काही आठवडे मुलाला समोर छातीशी घ्या किंवा बसून मांडीवर घ्या. घागर-कळशी कमरेवर घेणाऱ्यांनी दोन हातांत दोन लहान भांडी घ्यावीत.

### बसणं

पायावर पाय टाकून बसणं बंद. गुडघे खुब्यांपेक्षा वर जातील अशा खोल सोफ्यात बसणं बंद. बसायचंच असेल तर खाली जाड उशी घ्या आणि दर अर्ध्या तासाने उठा. उठताना आधी पुढे सरका, पावलं गुडघ्यांच्या खाली आणा, मग दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उठा.

जमिनीवर बसण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. साधी मांडी घालून बसणं काहींना सोसतं, काहींना नाही. खाली घडी घालून उंच बसून बघा, रात्री त्रास झाला नाही तर चालू ठेवा. हळदीकुंकवाला किंवा भजनाला दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसतात, ते मात्र टाळाच. त्यात एका खुब्याची मांडी आत वळून मध्यरेषेपलीकडे जाते. स्कूटरवर मागे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसणंही त्याच जातीचं. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवं बसून दुखत असेल तर काही आठवडे कमोडची खुर्ची वापरा, त्यात कमीपणा नाही.

### ताण आणि रगडणं

गोमुखासन, गरुडासन, अर्धमत्स्येंद्रासन, पाठीवर झोपून गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढणं, पाय आडवा टाकून कंबर बाहेर ढकलणं. या सगळ्यांत मांडी मध्यरेषेपलीकडे जाते आणि नेमका दुखरा टेंडन हाडावर दाबला जातो. करताना ‘बरं वाटतं’ हे खरं आहे. तासाभराने किंवा रात्री ठणकतं हेही तितकंच खरं आहे. योगवर्गाला जात असाल तर जाणं सोडू नका, शिक्षकांना ही आसनं तुमच्यापुरती वगळायला सांगा.

उंचवट्यावर थेट मालिश, लाटणं किंवा फोम रोलर नको. मांडीच्या मांसल भागावर किंवा कुल्ल्याच्या मागच्या बाजूला हलका हात फिरवायला हरकत नाही. शेकाने बरं वाटत असेल तर घ्या, बर्फाने वाटत असेल तर बर्फ.

### चालणं

चालणं बंद करायचं नाही, बेतायचं. ज्या अंतराने रात्र बिघडत नाही ते तुमचं आजचं अंतर. मग ते दहा मिनिटं का असेना. टेकडी, चढ, वाळू आणि गर्दीतलं थांबत-थांबत चालणं सध्या कमी. पावलं किंचित लहान आणि थोडी झपझप टाका, पाय एका रेषेत न पडता दोन समांतर रेषांत पडू द्या.

लंगडत असाल तर काठी घ्या, आणि ती *विरुद्ध* हातात धरा. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दुखऱ्या बाजूलाच काठी धरणारे इतके दिसतात की हे वेगळं सांगावं लागतं. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर.

> तपासून बघा: कॅलेंडरवर रात्री जाग येण्याचा आकडा कमी होत आहे का? दहा-पंधरा दिवस हे सगळं पाळूनही काहीच बदल नसेल तर टप्पा १ कडे परत जा. निदान चुकलेलं असू शकतं.

## टप्पा ४: न हलता जोर

हा टप्पा, टप्पा ३ च्या पहिल्या दिवसापासूनच सुरू करता येतो. पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी, पाय खुब्याइतके लांब. गुडघ्यांच्या किंचित वर ओढणीचा वेढा घालून गाठ मारा. गाठ अशी हवी की पाय लांबच राहतील, एकमेकांकडे ओढले जाणार नाहीत.

आता दोन्ही मांड्या बाहेरच्या बाजूला ओढणीवर *हळूच* दाबा. पाय हलता कामा नयेत. जोर पूर्ण ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकाच. १० ते १५ सेकंद धरा, सोडा, थोडं थांबा. अशा ५ ते १० वेळा, दिवसातून दोनदा. जमिनीवर झोपणं-उठणं जड जात असेल तर हेच पलंगावर किंवा उभ्याने करता येतं: पावलं खुब्याइतकी लांब ठेवून, जणू जमीन दोन्ही बाजूंना फाडायची आहे असा जोर लावा, पावलं जागची हलवू नका.

चुका तीनच, पण जवळजवळ सगळे करतात. श्वास कोंडणं. मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा दाबणं. आणि सुरुवातीलाच पूर्ण जोर लावणं. जोर कुल्ल्याच्या बाजूला, पँटच्या बाजूच्या खिशाच्या वर जाणवला पाहिजे. तिथे बोटं ठेवा. स्नायू हाताखाली घट्ट होतोय हे कळलं की बरोबर चाललंय.

कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं किंवा गुडघे मिटून उघडणं हे व्यायाम नेटवर सर्वांत आधी दिसतात. मी ते सुरुवातीला देत नाही. एकतर खालचा खुबा दाबला जातो, शिवाय पाय खाली आणताना मांडी मध्यरेषेपलीकडे उतरते.

> पुढे जाण्याआधी: सलग आठवडाभर हे करून रात्र बिघडली नाही, आणि सकाळच्या पावलांचा आकडा स्थिर किंवा कमी आहे. मगच टप्पा ५.

## टप्पा ५: दोन्ही पायांवर ताकद

सेतू. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावलं खुब्याइतकी लांब. टाचा दाबून कंबर हळूहळू वर घ्या, ३ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली या. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. मांडीच्या मागच्या बाजूला पेटके येत असतील तर टाचा कुल्ल्यांपासून लांब पडल्या आहेत, जवळ घ्या. कमरेत कळ येत असेल तर तुम्ही फार वर जात आहात. गुडघे एकमेकांकडे पडू देऊ नका.

हे सोपं झालं की दुखऱ्या पायावर थोडा जास्त भार द्या: बऱ्या पायाचं पाऊल थोडं पुढे सरकवून तोच सेतू. त्यानंतर वर गेल्यावर बऱ्या पायाची टाच क्षणभर उचलायची. एकदम एका पायावरचा सेतू करायला जाऊ नका.

खुर्चीवर बसणं-उठणं. खुर्ची थोडी उंच हवी, गरज पडली तर वर उशी ठेवा. कंबर मागे ढकलत, छाती किंचित पुढे झुकवून हळू बसा, आणि गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून उठा. आरशासमोर करा. बहुतेक जण नकळत बऱ्या पायावर भार टाकून उठतात. आरशात कंबर एका बाजूला सरकताना दिसते. ती मध्यावर ठेवून ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. जमू लागलं की उशी काढा.

हे दोन्ही एक दिवसाआड केले तरी चालतात. टप्पा ४ चा हलका जोर मात्र रोज चालू ठेवा.

## टप्पा ६: एका पायावर आणि बाजूला

आता तेच काम परत शिकवायचं आहे ज्यासाठी हा स्नायू आहे: एका पायावर असताना कंबर सरळ ठेवणं.

आरशासमोर उभे राहा. दोन्ही हातांच्या तर्जन्या कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर ठेवा. बोटं एका आडव्या रेषेत दिसली पाहिजेत. आता भार हळूच दुखऱ्या पायावर न्या आणि बऱ्या पायाची फक्त टाच उचला. बऱ्या बाजूचं बोट खाली गेलं का? किंवा ते वर ठेवण्यासाठी सगळं धडच दुखऱ्या बाजूला झुकलं का? दोन्ही चूक. यातली दुसरी चूक फसवी, कारण तोल छान राहतो आणि स्नायू काहीच काम करत नाही. परकराची किंवा पायजम्याची नाडी आडवी राहते का हे बघणंही सोपं पडतं. बोटं आडवी राहतील तेवढाच भार द्या, ओट्याला हात धरा, १० सेकंद, ५ वेळा. जमेल तसं पाऊल पूर्ण उचला, मग हाताचा आधार एका बोटावर आणा.

ते जमल्यावर पाटावर चढणं. पाट साधारण १० सेंटीमीटर उंचीचा, भिंतीला टेकवलेला. दुखरा पाय पाटावर पूर्ण ठेवा, पुढे झुकून त्याच पायाच्या जोरावर वर या. मागच्या पायाने जमीन ढकलून उडी मारू नका. हळू उतरा. ८ वेळा, दोन ते तीन फेऱ्या. घरच्या जिन्याची पायरी याहून बरीच उंच असते, ती नंतर.

आणि बाजूला पावलं टाकणं. सैल रबरी बँड गुडघ्यांच्या किंचित वर. गुडघे थोडे वाकवून, पावलं खुब्याइतकी लांब ठेवून सुरुवात करा. एका बाजूला लहान पाऊल टाका, दुसरा पाय हळूहळू मागून आणा, पण पावलं एकमेकांना चिकटवू नका. दोन्ही बाजूंना ८ ते १०. बँड पावलांपाशी बांधून मोठी पावलं टाकणं जोरदार दिसतं, पण सुरुवातीच्या टेंडनला ते झेपत नाही.

हा जड भाग आठवड्यातून तीनदाच करायचा, मध्ये एक दिवस सोडून. रोज केला की टेंडनला सावरायला वेळ मिळत नाही. गती संथ ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवा: वेळा, किंवा उंची, किंवा बँडचा ताण.

> थांबा: पाय बाजूला उचलताच येत नसेल, किंवा दुखणं कमी होऊनही चालताना कंबर स्पष्ट खाली पडत असेल, तर टेंडन मोठ्या प्रमाणात फाटलेला असू शकतो. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

## मशीन, इंजेक्शन आणि एमआरआय

फिजिओथेरपी म्हणजे ‘मशीन लावून शेक’ अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे, आणि ती घट्ट करण्यात आम्हा व्यवसायातल्या लोकांचाही हात आहे. आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचं मशीन), अल्ट्रासाऊंड यांनी थोडा वेळ बरं वाटेल, पण टेंडनची ताकद वाढत नाही. शॉकवेव्हने, म्हणजे दुखऱ्या जागेवर दाबलहरींचे झटके देणाऱ्या मशीनने, काहींना फायदा होतो, व्यायामाच्या जोडीने. दहा दिवस फक्त मशीन लावून घरी पाठवत असतील तर विचारा: मी घरी कोणता व्यायाम करायचा, कधी वाढवायचा, आणि झोपायचं कसं? याची उत्तरं मिळत नसतील तर दुसरा फिजिओ बघा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे दुखणं बरंच उतरू शकतं. ऑस्ट्रेलियात झालेली एक मोठी चाचणी २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. त्यात २०४ जण होते आणि तीन गट: दाब टाळण्याचं शिक्षण अधिक व्यायाम, एक इंजेक्शन, आणि नुसती वाट बघणं. ८ आठवड्यांनी आपण बरे झालो किंवा खूप सुधारलो असं सांगणारे पहिल्या गटात १०० मागे ७७ होते, इंजेक्शनवाल्यांत ५८ च्या आसपास, वाट बघणाऱ्यांत २९. वर्षाने तेच आकडे अंदाजे ७९, ५८ आणि ५२ झाले. वर्षाअखेरीस दुखण्याच्या तीव्रतेत व्यायाम आणि इंजेक्शन यांत मोठा फरक उरला नव्हता, हेही सांगायला हवं. पण एकूण सुधारणेत व्यायाम पुढे राहिला.

झोपच लागत नसेल आणि त्यामुळे व्यायाम सुरूच करता येत नसेल तर डॉक्टरांशी बोलून एखादं इंजेक्शन घ्यायला हरकत नाही. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, मोजत राहा. आणि दुखणं गेलं म्हणून दुसऱ्याच आठवड्यात सिंहगड चढायला जाऊ नका. टेंडन तेवढाच कमकुवत आहे, फक्त तो ओरडत नाहीये. पुन्हा पुन्हा इंजेक्शन घेण्याच्या मी विरोधात आहे.

एमआरआय पहिल्याच भेटीत बहुतेकांना लागत नाही. पन्नाशीनंतर दुखत नसलेल्या खुब्यांतही टेंडनमध्ये बदल दिसतात, आणि रिपोर्टमधला ‘टीअर’ (फाटणं) शब्द वाचून लोक चालायलाच घाबरतात. निदान पक्कं नसेल किंवा तीन महिने नीट व्यायाम करून फरक नसेल, तर जरूर काढा.

## टप्पा ७: नेहमीच्या आयुष्यात परत

साधारण ८ आठवड्यांत रात्री सुधारायला हव्यात. जिने, लांब चालणं, ओझं यांना तीन ते सहा महिने लागू शकतात, वर्षानुवर्षं मुरलेल्या दुखण्याला आणखी. या काळात वाढ अशी करा: आधी सपाटीवरच्या चालण्यात आठवड्याला पाच मिनिटं, मग जिने, मग चढ, सर्वांत शेवटी पळणं किंवा ट्रेक. एकाच आठवड्यात दोन गोष्टी वाढवायच्या नाहीत. आषाढीला वारीत चालायचं असेल तर तयारी माघ-फाल्गुनात सुरू हवी, ज्येष्ठात नव्हे.

वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा खुब्याला नक्की होतो. पण ‘आधी वजन, मग व्यायाम’ असा क्रम लावून थांबू नका.

दुखणं मध्येच उसळतं, लग्नघरात दोन दिवस उभं राहिलं किंवा प्रवासात अवघडून बसलं की हमखास. तेव्हा सगळं सोडून द्यायचं नाही. टप्पा ६ चे व्यायाम तीन-चार दिवस थांबवा, टप्पा ४ चा हलका जोर दिवसातून दोन-तीनदा करा, उशांची मांडणी पुन्हा तपासा, चालणं निम्मं करा. रात्र पूर्ववत झाली की टप्पा ५ पासून वर या. दोन आठवड्यांत उसळी उतरली नाही, किंवा दुखणं जांघेत सरकलं, तर फिजिओला फोन करा आणि जाताना कॅलेंडरची ती पानं बरोबर न्या.